कर्णा वाजलाच नाही

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात एका वारकरी दांपत्याने केलेले निवेदन)



आम्ही दोघं नवरा-बायको या दिंडीत बावीस वर्षं चालतो आहोत. व्यासपीठावर उभं राहून बोलायची आम्हाला सवय नाही. शताब्दीच्या निमित्ताने प्रत्येकाने वारीतला एक अनुभव सांगावा असं ठरलं, तेव्हा पुष्कळांनी आनंदाचे प्रसंग सांगितले. आम्ही मात्र आमची एक चूक सांगणार आहोत. ती चूक माउलीच्या वाटेवर उघडी पडली आणि या दिंडीनेच ती सावरली, म्हणून ती इथेच सांगायला हवी.

आमचा थोरला मुलगा तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. उजव्या बाजूला मृदंग असतो तो. चौथीत असताना त्याला एकाएकी तहान लागायला लागली. तांब्यामागून तांबे पाणी प्यायचा, रात्रीत पाच-सहा वेळा उठायचा, आणि महिन्याभरात अंगावरचे कपडे सैल झाले. आम्हाला वाटलं उन्हाळा बाधला. तालुक्याला नेलं तेव्हा डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, याला टाइप वन मधुमेह आहे. म्हणजे म्हाताऱ्या माणसांना होते ती साखर नव्हे. याच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. ते रोज बाहेरून टोचावं लागेल, जन्मभर. गोड खाल्ल्याने झालेलं नाही, कुणाच्या पापानेही झालेलं नाही.

इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. कॅनडातल्या टोरांटो शहरात १९२१ साली बँटिंग आणि बेस्ट या दोघांनी इन्सुलिनचा शोध लावला. १९२२ च्या जानेवारीत लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं. त्याच्या आधी हा आजार झालेली मुलं फार तर वर्ष-दोन वर्षं जगायची. म्हणजे आपल्या दिंडीचं वय आणि या औषधाचं वय जवळपास सारखंच. आपली दिंडी पहिल्यांदा निघाली त्याच्या थोडं आधी आमचं लेकरू जन्मलं असतं, तर ते आमच्या हाती राहिलं नसतं.

पण मंडळी, हे औषध जीव वाचवतं तसंच ते जपून वापरावं लागतं. अंगात इन्सुलिन जास्त झालं, खाणं कमी पडलं, किंवा चालणं फार झालं, की रक्तातली साखर खाली येते. मशीनवर ७० च्या खाली आकडा आला की ती कमी समजायची, ५४ च्या खाली गेली की धोक्याची. मेंदूचं काम मुख्यतः साखरेवर चालतं. साखर संपत आली की माणसाचं भान जातं.

आता हे कसं कळतं, ते आपल्या भाषेत सांगतो. सोहळ्यात पहाटे कर्णा होतो ना, तसंच शरीरातही आहे. पहिल्या कर्ण्याला आपण उठून आवरायला लागतो, दुसऱ्याला तयार होतो, तिसऱ्याला पालखी निघते. साखर खाली यायला लागली की शरीरही आधी एक कर्णा वाजवतं. घाम फुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडतं, कडकडून भूक लागते. अॅड्रेनालिन नावाचा रस शरीरात सुटतो, त्याचं हे काम. तेवढ्यात साखर-पाणी घेतलं की झालं. नाही घेतलं तर दुसरा कर्णा. बोलणं अडखळतं, चिडचिड होते, डोळ्यांपुढे धूसर होतं, समोरचं कळेनासं होतं. आणि तिसऱ्याला माणूस कोसळतो, कधी फिट येते.

लहानपणी त्याचा पहिला कर्णा आम्हाला दुरूनही ऐकू यायचा. मानेवरचे केस ओले व्हायचे, ओठाभोवती पांढरं पडायचं, आणि तो म्हणायचा, "आई, पोटात कसंतरी होतंय." आई स्वयंपाकघरातून साखरेचा डबा घेऊनच धावायची.

तो चोविसाव्या वर्षात गेला तेव्हा आमच्या ध्यानात आलं, की हल्ली असं काही होतच नाही. घाम नाही, थरथर नाही. त्याची तीन महिन्यांची सरासरी साखर तपासली की अहवाल इतका छान यायचा की पाहुण्यांना दाखवावा. आम्ही म्हणायचो, पांडुरंगाने ऐकलं, पोराची साखर स्थिरावली. तोही म्हणायचा, आता सवय झालीय मला.

आमची मोठी चूक इथे झाली. कर्णा वाजत नव्हता, त्याचा अर्थ आम्ही लावला की सगळं शांत आहे.

दुसरी चूक तर आणखी मोठी. त्याच्या लग्नाचं बघणं चालू होतं. आम्हीच त्याला सांगितलं होतं, चारचौघांत सुई काढू नको, मशीन दाखवू नको. दिंडीत सगळी गावची, भावकीतली माणसं. बातमी जायला वेळ लागत नाही. म्हणून तो ट्रकच्या आडोशाला जाऊन इन्सुलिन घ्यायचा आणि दिवसभर साखर तपासायचाच नाही. वीस माणसांच्या मध्ये चालायचा आणि त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी पुण्याहून पालखी निघाली तो दिवस एकादशीचा. हडपसरला दोन्ही पालख्यांच्या वाटा वेगळ्या होतात आणि आपण दिवे घाटाकडे वळतो. सासवडचा टप्पा किती लांबचा ते तुम्हाला सांगायला नको. त्याने सकाळी इन्सुलिन नेहमीएवढंच घेतलं, आणि खाल्लं काय, तर मूठभर शेंगदाणे नि अर्धं केळं. उपास कडक करायचा म्हणाला. आम्हालाही कौतुक वाटलं. गळ्यात मृदंग, वर घाटाची चढण.

दुपार कलली होती. घाटाच्या वरच्या वळणावर ठेका जरा इकडेतिकडे व्हायला लागला. टाळकऱ्यांनी वळून बघितलं. मग तो मध्येच थांबला. डोळे उघडे, एकटक समोर. चेहऱ्यावर किंचित हसू. हात मृदंगापासून बोटभर अंतरावर हवेतच चालत होते. मागून कुणीतरी म्हणालं, "माउलीला भाव आला." एक बाई पुढे होऊन त्याच्या पाया पडली. मग दुसरी. खोटं कशाला बोलायचं, आमचाही ऊर भरून आला. वाटलं, इतक्या वर्षांच्या वारीचं फळ पोराला मिळालं. आम्ही हात जोडून उभे होतो, आणि आमचं लेकरू आमच्यासमोर बुडत होतं.

आपल्या दिंडीतल्या एक आजी, ज्यांचे यजमान बरीच वर्षं इन्सुलिनवर होते, त्या पुढे आल्या. त्यांनी त्याच्या कपाळाला हात लावला, नाव घेऊन हाक मारली. तो काहीतरी पुटपुटला, ते शब्द नव्हतेच. आजींनी आमच्याकडे वळून सरळ विचारलं, "याला साखरेचा आजार आहे का? खरं सांगा." इतक्या माणसांत आम्ही पहिल्यांदा तोंडाने कबूल केलं, हो, आहे.

त्याच्या पिशवीतून मशीन काढलं, बोट टोचलं. आकडा आला ३४.

नशीब असं की त्याला अजून गिळता येत होतं. आजींनी पाण्यात साखर ढवळली आणि घोट घोट पाजली. दहा-पंधरा मिनिटांनी त्याची नजर हलली. आधी त्याने मृदंगाकडे बघितलं, मग आमच्याकडे, आणि विचारलं, "ठेका चुकला का?"

त्या प्रश्नाला आम्ही आजतागायत उत्तर दिलेलं नाही. ठेका चुकला होता, पण तो त्याचा नव्हता, आमचा होता.

वारी संपल्यावर आम्ही शहरातल्या मधुमेहाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दोन आठवडे दंडावर एक छोटं सेन्सर चिकटवलं. ते रात्रंदिवस साखर नोंदवतं. आलेख बघून आमचे पाय लटपटले. जवळजवळ रोज, कधी पहाटे तर कधी दुपारी, साखर ६० च्या खाली जात होती आणि त्याला पत्ता नव्हता. सरासरी छान येत होती, ती या खड्ड्यांमुळेच.

डॉक्टरांनी जे समजावलं ते आम्हाला कळलं तसं सांगतो. निरोगी माणसाची साखर खाली आली की शरीर स्वतःचं इन्सुलिन थांबवतं, आणि ग्लुकॅगॉन नावाचा दुसरा रस सोडून यकृतातली साखर बाहेर काढतं. टाइप वनमध्ये टोचलेलं इन्सुलिन मागे घेता येत नाही, आणि काही वर्षांत तो ग्लुकॅगॉनचा आधारही सुटतो. उरतो एकटा अॅड्रेनालिनचा कर्णा. पण साखर वरचेवर खाली गेली, की मेंदूला त्या कमी साखरेची सवय होते आणि कर्णा उशिरा, आणखी उशिरा वाजतो. गिरणीशेजारी राहणाऱ्याला गिरणीचा आवाज ऐकू येत नाही, तसं. शेवटी पहिला कर्णा वाजायच्या आधी दुसरा येतो, आणि तोवर भान गेलेलं असतं. एकदा साखर खाली गेली तरी पुढचा एक-दोन दिवस इशारा मंदावतो. ज्यांचा इशारा गेला आहे त्यांना बेशुद्ध पडण्याचा धोका इतरांच्या सुमारे सहापट असतो, असंही त्यांनी सांगितलं. ही सवय झाल्याची गोष्ट अभिमानाची नाही, भीतीची आहे.

मग आम्ही विचारलं, गेलेला कर्णा परत येतो का? डॉक्टर म्हणाले, पुष्कळदा येतो, निदान काही प्रमाणात. त्याला औषध एकच. काही आठवडे साखर अजिबात खाली जाऊ द्यायची नाही. गिरणी बंद ठेवली की कान पुन्हा उघडतात.

त्यांनी इन्सुलिनचं प्रमाण बदलून दिलं. काही दिवस साखर थोडी वर राहिली तरी चालेल, पण १०० च्या खाली नको, असं त्याच्यापुरतं ठरवलं. प्रत्येकाचा आकडा वेगळा असतो, तो आपापल्या डॉक्टरांनीच ठरवायचा. दिवसातून सात-आठ वेळा तपासणी, शिवाय रात्री तीनला एकदा. आम्ही दोघांनी पाळ्या लावल्या. एक रात्र आईची, एक बापाची. काकड्याला उठायची सवय होती, ती कामी आली.

सुरुवातीला तो चिडायचा. "मला काही झालेलं नाही, झोपू द्या," म्हणायचा. तेव्हा कळलं की साखर उतरली की माणूस हेच वाक्य बोलतो. म्हणून तो शुद्धीत असताना त्याच्याकडूनच वचन घेतलं, मी कितीही चिडलो तरी बोट टोचायचं, वाद नंतर घालायचा.

दुसऱ्या महिन्यातली गोष्ट. पहाटेची वेळ, आमची पाळी अजून व्हायची होती. तो आपणहून उठून दारात आला आणि म्हणाला, "आई, मला घाम आलाय." तपासलं तर ६२. आई साखर ढवळत होती आणि हसत-रडत होती. पोराला घाम फुटला म्हणून आनंदाने रडणारे आईबाप तुम्ही बघितले नसतील. आम्ही त्या रात्री विठ्ठलापुढे दिवा लावला.

सगळं पूर्वीसारखं झालं असं मात्र नाही. अजूनही इशारा उशिरा येतो, कधी येतही नाही. म्हणून तो आता इशाऱ्याची वाट बघत नाही, घड्याळ बघतो.

पुढच्या वारीच्या आधी आम्ही दिंडीच्या बैठकीत उभे राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. मनात धाकधूक होती. पण विणेकरी बुवांनी एवढंच विचारलं, "आम्ही काय करायचं ते सांगा." त्या दिवसापासून आपण जे नियम पाळतो ते नव्या वारकऱ्यांसाठी इथे सांगून ठेवतो.

एक, त्याच्या शेजारचा टाळकरी ठरलेला असतो आणि त्याच्या कनवटीला ग्लुकोजची पुडी असते. ठेका चुकला, बोलणं अडखळलं, उगाच राग आला किंवा उगाच हसू आलं, की आधी तपासायचं. मशीन हाताशी नसेल तर वाट न बघता साखर द्यायची. थोडी जास्त झाली तर नंतर सावरता येते.

दोन, चहाचे तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज अर्धा पेला पाण्यात द्यायचं. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. बरं वाटलं की पोळी, भाकरी किंवा दूध असं पोटाला आधार होईल ते. पेढा, चिक्की किंवा शेंगदाण्याचा लाडू त्या घडीला कामाचा नाही. त्यातल्या खव्याने, शेंगदाण्याने साखर रक्तात जायला वेळ लागतो.

तीन, माणूस बेशुद्ध असेल, गिळत नसेल, तर तोंडात काहीही घालायचं नाही. पाणी नाही, साखर नाही, तीर्थसुद्धा नाही. श्वासनलिकेत जाईल. कुशीवर वळवून झोपवायचं, १०८ ला फोन करायचा आणि मदतीच्या डॉक्टरांना बोलवायचं.

चार, प्रत्येक विसाव्याला तपासणी. लांब चाल झाली की साखर त्या दिवशी रात्रीही उतरते, म्हणून झोपण्याआधी आणि मध्यरात्रीही बघायचं. चालायच्या आधी मांडीत इन्सुलिन टोचायचं नाही, चालणाऱ्या पायातून ते लवकर भिनतं. इन्सुलिन उन्हात तापू द्यायचं नाही. आपल्या ट्रकमध्ये ओल्या मातीच्या माठात डबी ठेवलेली असते, ती त्याचीच.

पाच, एकादशी. यावर बैठकीत थोडी चर्चा झाली. तेव्हा आपल्या महाराजांनी सांगितलं, "उपवास म्हणजे देवाजवळ बसणं. जो बेशुद्ध पडला तो कुणाजवळ बसणार? त्याने वेळेवर खावं, तोच त्याचा उपवास." तेव्हापासून तो एकादशीलाही ठरल्या वेळी खातो. आणि उपास आहे म्हणून इन्सुलिन मात्र पूर्ण बंद करायचं नसतं, हेही टाइप वनवाल्यांनी पक्कं लक्षात ठेवावं. ते बंद केलं तर दुसऱ्या बाजूने जीव धोक्यात येतो. कमी किती करायचं ते डॉक्टरांना आधी विचारावं.

आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनाही एक विनंती. तुमचा मधुमेह वेगळा असला तरी इन्सुलिन घेत असाल, किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, तर वारीच्या चालीने तुमचीही साखर खाली जाऊ शकते, आणि वयोमानाने इशाराही मंद होतो. निघण्याआधी डॉक्टरांना सांगा, रोज इतके कोस चालणार आहे, गोळी तेवढीच ठेवू की बदलू.

मुलाचं लग्न झालं का, असं पुष्कळ जण विचारतात. झालं. आमची सून याच मंडपात तुमच्यात बसली आहे. बघायला आले तेव्हा चहाच्या आधी त्याने मशीन बाहेर काढून बोट टोचलं आणि सगळं समजावून सांगितलं. एक स्थळ त्यामुळे परत गेलं. दुसऱ्या ठिकाणी मुलीने विचारलं, "रात्री तीनला मी तपासलं तर चालेल का?" आमच्या पाळ्या तेव्हापासून संपल्या.

शेवटची गोष्ट सांगून बसतो. मुक्कामावर समाज आरतीला सगळ्या दिंड्या गोळा होतात. चोपदार चोप उंचावतात आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती थांबत नाही, टाळ वाजवतच राहते. मग तिच्याकडे लक्ष जातं, तिचं गाऱ्हाणं ऐकून घेतलं जातं. आमच्या लेकराच्या शरीराने टाळ वाजवणं सोडून दिलं होतं आणि आम्ही त्याला गप्प राहायला शिकवलं होतं. दोन्हीकडून शांतता, म्हणून कुणाचंच लक्ष गेलं नाही.

तुमच्यापैकी कुणाच्या घरात असं लेकरू असेल, कुणी स्वतः असाल, तर चालताना शेजारच्या माउलीला तेवढं सांगून ठेवा. शरीराचा कर्णा वाजला नाही तर ती वाजवील.

बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर पदरात घ्यावं.

राम कृष्ण हरी.